सकाळची मूठ

सरजाबाईच्या हाताची जवारी उगवली की माणसानं बांधावर उभं राहून नुसतं बघत बसावं. कुठं दाटी नाही, कुठं खाडा नाही. आता हे काम दिसायला सोपं. गडी तिफण हाकतो, बाई मागनं चालते, ओटीतलं बी मुठीत घेते आणि तिफणीवरच्या लाकडी चाड्यात दाणा-दाणा सोडत राहते. ह्यालाच चाड्यावर मूठ धरणं म्हणतात. पण बैल जरा जोरात निघाले की दाणा जोरात सोडायचा, ढेकळात तिफण अडखळली की मूठ आवळायची, हे डोक्यानं होत नाही. हाताला कळावं लागतं. सरजाबाईच्या हाताला ते लग्नाच्या आधीपासून कळत होतं. ज्याचं रान ती पेरायची त्या गुरुलिंगअप्पाच्या दारात तिला पाणी अजून वरूनच ओतायचे, पण पेरणी आली की हाच अप्पा बौद्धवाड्याच्या तोंडाशी येऊन तिच्या नवऱ्याला हाक मारायचा आणि मूठ सरजाचीच पायजे म्हणून बजावून जायचा. तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, हात मात्र चालत होता. असं आपलं गाव.

गोष्ट त्या सालची. भूकंपानंतर मिळालेल्या स्लॅबच्या घरांना गळती लागली होती, आणि तिकडं लातुरात क्लासच्या पाट्यांना भिंती पुरेनाशा झाल्या होत्या. सरजाबाईचा पोरगा विनोद तिथंच एका मेसमधे क्लासच्या पोरांना ताटं वाढायचा. गावात ती, तिचा नवरा भीमा आणि सून दिपाली, अशी तीनच माणसं. आषाढात गावावर ताप आला. लंगडा ताप म्हणायचे त्याला. सकाळी धडधाकट माणूस पाण्याला गेलेलं, दुपारी भिंतीला धरून घरी यायचं आणि संध्याकाळी त्याला कूस बदलता यायची नाही. घरंच्या घरं झोपली. कुणी कुणाला पाणी द्यायचं ते कळेना. भीमा तर चुलीपासून दारापर्यंत रांगत गेला, एवढा दांडगा गडी.

आठ-दहा दिवसांत ताप उतरला. माणसं उठली, हसली, एकमेकांच्या चालीच्या नकला केल्या आणि रानात गेली. गावाच्या लेखी विषय संपला.

सरजाबाईचा संपला नाही. रोज सकाळी जाग आली की आधी हात जागे व्हायचे. बोटं आखडून बसलेली. मूठ मिटायला जावं तर मिटायची नाही, अर्ध्यातच थांबायची, आणि मनगटातनं अशी कळ उठायची की डोळ्यात पाणी. तांब्या दोन्ही तळव्यांच्या मधे धरून तोंडाला लावायचा. घोटे सुजलेले, जमिनीला पाय टेकवायचा म्हणजे काट्यात टेकवल्यासारखं. भिंत धरून, कण्हत, कशीबशी दारापर्यंत. मग ऊन चढायचं आणि एकेक बोट सुटत जायचं. दुपारपर्यंत हात पुन्हा तिचा व्हायचा. ती बांधावर बसून त्या हाताकडं बघत राहायची. मूठ मिटायची, उघडायची, पुन्हा मिटायची. सकाळचं ते जातं कुठं आणि उद्या सकाळी येतं कुठनं, ह्याचं तिला भय नाही वाटायचं, नवलच वाटायचं. आपल्याच अंगात दुसरं कुणीतरी राहायला आलंय आणि त्याची जायची-यायची वेळ ठरलेली आहे, असं काहीतरी.

पण हेच तिच्या मुळावर आलं. माणूस आजारी असला तर दिवसभर आजारी असावा, अशी गावाची समज. सकाळी कण्हणारी बाई दुपारी भराभरा चालत विहाराकडं निघाली की लोक बघणारच.

"सकाळी मरायला टेकती आन् दुपारी टणाटणा चालती," नळावर सिंधु सगळ्यांच्या देखत म्हणाली. सिंधु तिच्याच वयाची, तिच्यासारखीच चाड्यावर मूठ धरणारी, स्वतःच्या रानात. "काम आलं की दुखतंय, काम सरलं की बरं. असा आजार मलाबी द्या कुणीतरी."

बाया हसल्या. सरजाबाईला सिंधुच्या तोंडात घागर घालावी वाटली, पण घागर उचलायला हात कुठं होता. ती तशीच परतली.

भीमा वाईट माणूस नव्हता. एक दिवस तिला चाकूरला दवाखान्यात घेऊन गेला. तिथं पोचेपर्यंत दुपार झाली. डॉक्टरनं बोटं दाबून बघितली, मूठ मिटायला सांगितली. तिनं मिटली. चांगली घट्ट मिटली. "ताप गेलाय ना? मग थोडी कसर राहते, जाईल," डॉक्टर म्हणाला आणि पुढचा पेशंट बोलावला. त्याचीही चूक म्हणावी तर कशी, त्यानं दुपारचा हात बघितला.

परतताना जीपमधे भीमा म्हणाला, "मला एक सांग. दुपारी जमतंय ते सकाळी का जमत न्हाई?"

"मला मालूम असतं तर मी दवाखान्यात आले असते का?"

"न्हाई, लोक बोलून राहिलेत म्हणून म्हणलो."

त्याच्या मनात ते बसलं होतं हे तिला दिसलं. घरात तर दिपालीनं बोलणंच टाकलं होतं. पोरगी लग्न होऊन आली तेव्हा गोड होती, आत्याबाई-आत्याबाई करत मागं-मागं फिरायची. आता सकाळ झाली की तिची भांड्यांची आदळआपट सुरू. पातेलं आपटायची, परात टाकून द्यायची, तवा तर असा पडायचा की भीमा दचकून उठायचा. भाकरीही जाड-जाड, कडा फुटलेल्या, रागानं थापल्यासारख्या. सरजाबाई अंथरुणात पडून ऐकायची. सासू झोपलीय आणि मी राबून राहिले, हेच ती भांडी सांगतायत, दुसरं काय. तिला सुनेचा राग यायचा आणि त्या रागाची लाजही वाटायची, कारण सून राबत होती हे खरंच होतं.

भूकंप झाला तेव्हा कसं, पडलेलं घर दिसत होतं. मोटारी आल्या, तंबू आले, पत्रे आले, दूरदूरची माणसं येऊन हात धरून रडली. सरजाबाईला कधीकधी वाटायचं, माझंही काहीतरी पडलंय, पण दगड-माती दिसत नाही तर मी कुणाला बोट दाखवू?

हस्ताचा पाऊस उघडला आणि गुरुलिंगअप्पा बौद्धवाड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

"भीमा, ओल उडून चाललीय. उद्या दिस उगवायला तिफण रानात पायजे. मूठ सरजाचीच."

"हाव अप्पा," भीमा म्हणाला.

सरजाबाई दाराच्या आत उभी होती. आता बोलावं, सकाळची मूठ नको, दुपारनं धरते म्हणावं, असं तिच्या ओठावर आलं. पण ओल काय दुपारची वाट बघते? आणि एकदा मूठ गेली की गेली. वाड्यातल्या साखराबाईचं बाळंतपणात तसंच झालं होतं. एक हंगाम दुसरीनं मूठ धरली ती धरलीच, साखराबाई पुढं जन्मभर खुरपायलाच. सरजाबाईजवळ दुसरं होतं काय? शेत नाही, शाळा नाही. गावानं तिला माणूस म्हणून मोजलं ते ह्या एका मुठीवर. ती तशीच आत वळली.

तीन दिवस पेरणी चालली. दिवस उगवायला ती रानात, मनगटाला पदराची चिंधी गच्च बांधलेली. घरून निघताना तिनं हात कढत पाण्यात बुडवून घेतले होते, पण वाटेतल्या गारठ्यानं ते पुन्हा लाकूड झाले. भीमानं बैलांना हाक दिली, तिफण निघाली. तिनं ओटीत हात घातला. बोटं बियात शिरली पण बी धरेनात. मग दोन्ही हातांनी ओंजळ केली, चाड्यावर नेली, तर एक खेप भसाभसा सांडली आणि पुढची कितीतरी पावलं नुसतीच गेली. दाणा बोटांच्या बेचक्यात अडकायचा. झटकला की मूठभर पडायचा. घोट्यातली कळ डोक्यापर्यंत जायची. भीमा मागं वळून बघत नव्हता, फाळावर नजर. रानाच्या कडेच्या धुऱ्यावरून अप्पा बघत होता, पण लांबून बाई चालताना दिसते, मूठ दिसत नाही.

बांधावरच्या बाभळीखाली भाकर खाल्ली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. त्यानंतर हात सुटला. आणि सुटला तो असा, की तिला स्वतःलाच हुरूप आला. बैल, तिफण, दाणा, सगळं एका चालीत. संध्याकाळपर्यंत तिनं अशी मूठ धरली की सकाळचं ती विसरून गेली. झाकून जाईल म्हणाली मनाशी. काळी माती आहे, तिच्या पोटात काय-काय जातं.

माती झाकत नाही. आठवडाभरानं जवारी उगवली आणि एका सकाळी अप्पाचा निरोप आला, दोघं जण रानात या.

तिला चालवत नव्हतं. भीमाच्या खांद्यावर हात ठेवून ती गेली. अप्पा धुऱ्यावर उभा होता, तोंड लाल.

"हे काय पेरलंस गं सरजा? तुझ्या इमानावर रान सोपवलं आन् हे काय करून ठेवलंस?"

तिनं बघितलं. सुरुवातीचा मोठा पट्टा टकला पडलेला. इथं झुबका, तिथं झुबका, मधे नुसती काळी माती, डोक्याला खरूज व्हावी तसा. तिचा जीव लाजेनं अर्धा झाला. तिनं मान खाली घातली, आणि घातली म्हणूनच तिला पुढचं दिसलं. ती पट्ट्याच्या कडेनं चालत निघाली. अप्पा काहीतरी बोलत राहिला. बाभळीच्या समोर आल्यावर ती थांबली.

"हितं आपण भाकर खाल्ली," ती भीमाला म्हणाली.

"मग?"

"हितनं पुढं बघा."

हितनं पुढं जवारी सरळ, भरगच्च, एकसारखी उगवली होती. तिच्या हातची. पट्टाच्या पट्टा हिरवा. आणि तो संपला तिथं पुन्हा टकला पट्टा, त्याच्यापुढं पुन्हा हिरवा. तीन सकाळी आणि तीन दुपारी रानात शेजारी-शेजारी निजल्या होत्या.

"ही सकाळ," तिनं पायानं दाखवलं. "ही दुपार. ही दुसऱ्या दिसाची सकाळ. अप्पा, मी लबाडी केली न्हाई. केली असती तर दुपारीबी केली असती."

तिनं दोन्ही हात पुढं केले. सकाळ होती, हात त्यांच्या त्या वेळच्या रूपात होते, सांध्यावर सुजलेले, बोटं अर्धवट वाकलेली. "मिट म्हणा. मिटत न्हाई." तिनं मिटायला जोर लावला आणि तिच्या तोंडातून ओरडायच्या आधीचा आवाज आला. अप्पानं हात लावला नाही, पण वाकून, अगदी जवळून बघितलं. भीमानंही बघितलं. जन्म गेला त्या हातची भाकर खाण्यात, पण सकाळचा हात त्यानं बहुतेक त्या दिवशीच पहिल्यांदा बघितला.

"हे एकट्या तुलाच कसं काय?" अप्पा म्हणाला. राग उतरला होता पण शंका होती. "ताप तर गावाला आला."

उत्तर बांधाच्या पलीकडं होतं. पलीकडच्या रानात एक बाई पाठमोरी बसून काठीनं माती उकरत होती आणि भोकात दाणा टाकत होती. खाडे पडले की अशाच नांग्या भरतात, पण त्याला बाया घोळक्यानं येतात, बोलत-हसत. ही एकटी, लपून आल्यासारखी, आणि दाणा डाव्या हातानं टाकत होती. सरजाबाई बांध ओलांडून गेली. ती सिंधु होती.

सिंधुनं चटकन उजवा हात पदराखाली घेतला. तिच्या मागं तिचं रान पसरलं होतं. टकला पट्टा, हिरवा पट्टा, टकला पट्टा.

सरजाबाई तिला नळावरचं सगळं सुनावू शकत होती. तिनं फक्त आपले हात पुढं धरले. सिंधुनं ते बघितले, मग हळूच पदराखालचा हात बाहेर काढला आणि तिथंच मातीत बसून हुंदके देऊ लागली. "लई भ्याले होते गं," ती म्हणाली. "तुला हसले न्हाई तर माझ्यावर नजर यील म्हणून हसले."

अप्पा मागोमाग आला होता. दोन्ही रानांकडं बघून तो सरळ माळाकडं चालायला लागला. गावाच्या उत्तरेला उंच माळ आहे, तिथनं सगळं शिवार दिसतं. भीमानं सरजाबाईला जवळजवळ उचलूनच वर नेलं. सिंधुही आली. वर जाऊन चौघांनी मागं वळून बघितलं.

ऊन तिरपं होतं. शिवार खाली पसरलेलं, आणि त्यात एकाआड एक शेतं पट्ट्यापट्ट्यांची. सगळी नव्हेत, पण किती तरी. ओढ्याच्या काठचं, पांदीच्या कडेचं, पार गायरानाला टेकलेलं. प्रत्येक रानात कुण्या बाईची सकाळ काळी पडली होती आणि दुपार हिरवी उगवली होती. कुठल्या रानात कुणाची मूठ ते गावातल्या सगळ्यांना माहीत असतं. सरजाबाई एकेक शेत बघत गेली आणि एकेक बाई तिच्या डोळ्यापुढं येत गेली, तोंड मिटून चालणारी, हात पदराखाली घेतलेली. एकही बाई एकाही बाईला बोलली नव्हती. सगळ्यांनी गिळलेलं जमिनीनं असं उजेडात मांडून ठेवलं होतं. तिच्या अंगावर काटा आला. भूकंपाच्या सकाळी पडलेलं गाव बघून असाच आला होता, पण त्यात नुसतं भय होतं. ह्यात भय होतं आणि शिवाय हात जोडावे वाटत होते. कुणाला ते तिला सांगता आलं नसतं. मातीला म्हणा, नाहीतर त्या सगळ्या बायांना.

भीमानं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. अप्पा म्हणाला, "घरात शिवकांताबी सकाळी उठत न्हाई. मी तिला म्हणलो, पोरगी लातूरला शिकायला गेली, काम हलकं झालं, म्हणून तुला झोप सुचून राहिली." मग सरजाबाईकडं वळून म्हणाला, "सरजा, ह्या नांग्या तूच भर. पण ऊन चढल्यावर ये."

उपकेंद्राच्या सिस्टरबाईला आणायला अप्पा स्वतः गेला. तिला आधी रान दाखवलं, मग शाळेपुढच्या लिंबाखाली बाया जमवल्या. सिस्टरबाईनं विचारलं, कुणाकुणाचे हात सकाळी मिटत नाहीत. कुणी हात वर करेना. सरजाबाई उठून उभी राहिली. मग सिंधु. मग पदरांची सळसळ झाली आणि लिंबाखालच्या निम्म्याहून जास्त बाया उभ्या राहिल्या. अप्पाची बायको शिवकांता शाळेच्या भिंतीला धरून उभी राहिली. मागच्या बाजूचे दोन-तीन गडीही खाली मान घालून उठले.

"चिकनगुनिया म्हणतात ह्या तापाला," सिस्टरबाई म्हणाली. "मी तापाचे पेशंट मोजले आणि ताप उतरला की नावावर काट मारली. मागं काय राहिलं ते विचारायला आलेच नाही. बायांनो, ताप जातो पण सांधे सुजवून जातो. कुणाला महिने लागतात, कुणाला वर्ष, कुणाला त्याहून जास्त. सकाळी आखडतं आणि दुपारी सुटतं, हे सोंग नाही, हीच त्याची खूण आहे. कढत पाण्यानं शेका, सोसवेल एवढे हात हलवत राहा, पण ओढून काम करू नका. कुणीही सुई टोचतो म्हणाला तर टोचून घेऊ नका, मोठ्या दवाखान्यात चला, आणि सकाळचेच चला. हा ताप डासांनी येतो, म्हणून रांजण दर आठवड्याला कोरडे करा. आणि सगळ्यात आधी, घरच्यांना सांगा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाया एकमेकींचे हात हातात घेऊन बघत होत्या, जत्रेत बांगड्या बघतात तशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरजाबाई अंथरुणात जागी झाली. बोटं आखडलेली होतीच, पण जीव हलका होता. गावानं खरं मानलं होतं. भीमानं उठून तिच्यासाठी पाणी तापत ठेवलं होतं आणि तो अप्पाचे बैल सोडायला गेला होता. तेवढ्यात चुलीपाशी तवा पडला. मग परात.

ती आवाज ऐकत पडून राहिली आणि एकदम तिच्या ध्यानात आलं. काल दिवसभर तिनं एकच गोष्ट वाचली होती, सकाळ कशी आणि दुपार कशी. दिपाली भांडी आपटायची ती सकाळी. दुपारी कधी नाही. संध्याकाळच्या भाकरी पातळ, गोल, पापुद्र्याच्या. जाड आणि फुटक्या त्या सकाळच्या.

ती भिंत धरून उठली आणि चुलीपाशी जाऊन बसली. दिपालीनं वर बघितलं नाही. पिठाचा गोळा दोन्ही मनगटांनी रेटत होती.

"दिपे, मूठ मिट बघू."

दिपालीचे हात थांबले. तिनं पिठानं माखलेला हात वर धरला. तरणाताठा हात. बोटं निम्म्यात येऊन थरथरत थांबली.

"कवापासून?"

"तुमच्या संगटच."

"काल झाडाखाली उभी का न्हाई राहिलीस?"

"घरात दोघी कशा पडायच्या, आत्याबाई?"

"मला तर सांगायचं व्हतंस."

दिपालीनं खाली बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच सरजाबाईला सोसेना. "तुमी एवढ्या मोठ्या, तुमची मूठ सगळ्या गावात गाजलेली. तुमचंच कुणी खरं धरलं न्हाई. माझं कुणी धरलं असतं?"

पडलेलं एकेक पातेलं, एकेक परात सरजाबाईच्या कानात वाजली. महिनोन्-महिने पोरीच्या हातातनं भांडी गळत होती आणि ती दहा हातांवर पडून त्याला राग समजत होती. जे गावानं तिच्याशी केलं तेच तिनं घरात केलं होतं. तिनं परात बाजूला सारली, चुलीवरचं पाणी दोन्ही मनगटांनी धरून घमेल्यात ओतलं, दिपालीचे हात ओढून त्यात बुडवले आणि आपलेही त्यांच्या शेजारी घातले.

बाहेरनं भीमानं हाक दिली, रानात जायला गाडीला बैल जुंपले, भाकर बांधा म्हणून.

"जू उतरा," सरजाबाई आतून म्हणाली. "आमच्या दोघींच्या मुठी अजून सुटल्या न्हाईत."